पत्र्याचे नेस्टिंग ब्राउझरमध्ये चालवावे का?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. भोसरी आणि चाकण भागातील फॅब्रिकेशनच्या लहान कारखान्यांसाठी आपण दोघे भागीदार विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर करून विकता. आलेली डीएक्सएफ ड्रॉइंग, म्हणजे संगणकावर काढलेल्या आराखड्यांच्या फायली, त्यात उघडतात, भंगार कमीत कमी निघेल अशा बेताने तुकडे पत्र्यावर बसवले जातात, म्हणजेच नेस्टिंग होते, आणि त्यावरून कोटेशन तयार होते. अलीकडे प्रत्येक नवा ग्राहक ‘हे ब्राउझरमध्ये चालते का?’ असे विचारतो. आपल्या भागीदाराचे म्हणणे असे, की ब्राउझर हे मुळात मजकूर वाचण्याचे साधन आहे आणि त्याच्यावर अशी अवजड कामे लादणे हीच चूक आहे. आपल्याला हे म्हणणे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. शिवाय ड्रॉइंग बाहेर जातील ही ग्राहकांची भीती आपण शेवटी नोंदवली आहे. तिच्याकडे मीही शेवटी वळेन.

मी पुण्यात २२ वर्षे हेच काम करतो आहे. पहिली आठ वर्षे व्हिज्युअल बेसिक आणि सी प्लस प्लसमध्ये विंडोजची सॉफ्टवेअर लिहिली, त्यानंतरची जवळजवळ सगळी कामे ब्राउझरमधली आहेत. दोन्हीकडे हात पोळून घेतले आहेत, त्यामुळे माझे उत्तर कोणत्याही एका बाजूच्या भक्ताचे नाही.

भागीदारांचा इतिहास बरोबर आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संस्थेत मांडलेला प्रस्ताव शास्त्रज्ञांची कागदपत्रे एकमेकांना जोडण्याविषयी होता, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत दहा दिवसांत तयार केली; तिच्यावर कोणी ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर उभे करील असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. मात्र एखादी वस्तू कशासाठी जन्मली यावरून तिने पुढे काय करावे हे ठरत नाही. पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आली, ती आउटलुकची डाक ब्राउझरमध्ये दाखवण्याच्या गरजेतून. आणि २००४ मधील जीमेल व २००५ मधील गूगल मॅप्स यांनी तिच्यावर काय उभे राहू शकते हे सर्वांना दाखवले. म्हणजे ‘ब्राउझरने असे व्यासपीठ व्हावे का?’ हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच मागे पडला. आपल्यासमोरचा खरा प्रश्न वेगळा आहे: आपल्या सॉफ्टवेअरच्या गरजांपैकी कोणत्या गरजांची ब्राउझर हमी देतो, आणि कोणत्या तो केवळ मेहेरबानी म्हणून, कधीही काढून घेता येतील अशा रीतीने भागवतो?

हा फरक मी इतक्या आग्रहाने का मांडतो, ते सांगतो. ब्राउझरमध्ये मोठी कामे चालवण्याचे दोन मार्ग आजवर झाले. पहिला मार्ग ब्राउझरच्या कुंपणाला, म्हणजे पानातल्या कोडला बाकीच्या संगणकापासून दूर ठेवणाऱ्या मर्यादेला, भोक पाडण्याचा. ॲक्टिव्हएक्स, जावा ॲपलेट, फ्लॅश, सिल्व्हरलाइट ही सगळी त्या भोकांची नावे. पानाबरोबर आलेल्या कोडला संगणकातील फायली, यंत्रे जोडण्याचे पोर्ट, जवळजवळ सगळेच या ना त्या प्रमाणात खुले होई, आणि म्हणूनच दुष्ट हेतूने लिहिलेल्या कोडलाही तीच वाट मिळे. त्यांचा शेवट आपण पाहिलाच. क्रोमने २०१५ मध्ये प्लगइनची जुनी यंत्रणा काढून टाकली, जावाने २०१७ च्या नवव्या आवृत्तीत ॲपलेटला निवृत्तीच्या यादीत टाकले, फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. ई-टेंडर भरणाऱ्या कंत्राटदारांची कार्यालये ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवत असेल, की डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालावे म्हणून एक जुना संगणक खास बाजूला ठेवलेला असे. त्यावर ठरावीक जावा, ठरावीक एक्सप्लोरर, आणि ‘याला अपडेट करू नये’ अशी चिठ्ठी. आज हेच काम बहुतेक ठिकाणी संगणकावर वेगळा बसवलेला एक छोटा प्रोग्राम करतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. म्हणजे भोक कुंपणातून काढून टाकले गेले, आणि त्याच्या जागी एक नाव असलेले, दिसणारे, नको असेल तेव्हा काढून टाकता येणारे फाटक आले.

दुसरा मार्ग कुंपणाच्या आतच जागा वाढवण्याचा. २००८ मध्ये क्रोमबरोबर आलेल्या व्ही८ इंजिनाने जावास्क्रिप्टचा वेग वाढवला. २०१३ मध्ये फायरफॉक्स करणाऱ्या मोझिलाने एएसएम डॉट जेएस हा जावास्क्रिप्टचा वेगवान उपसंच आणला, आणि त्या विचारातून पुढे वेबअसेंब्ली, म्हणजे ब्राउझरमध्ये वेगाने चालणारे कोडचे रूप, उभी राहिली. ती २०१७ मध्ये चारही प्रमुख ब्राउझरमध्ये आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची अधिकृत शिफारस झाली. सी प्लस प्लसमधील कोड तिच्यात कंपाइल करता, म्हणजे रूपांतरित करता, येतो. पण त्या कोडला मिळते ती त्याची स्वतःची बंदिस्त मेमरी आणि आपण हाताने दिलेली मोजकी फंक्शन. फाइल उघडणे किंवा पोर्ट वाचणे यांसाठी त्याला स्वतःचा मार्गच नसतो. १९८२ मध्ये जन्मलेल्या ऑटोकॅडचा जुना सी प्लस प्लस कोड याच वाटेने ब्राउझरमध्ये आला, आणि २०२३ मध्ये फोटोशॉपही आले. तेव्हा ‘काम अवजड आहे’ एवढ्या कारणावरून ब्राउझर नाकारण्याचे दिवस गेले, हे आपल्या भागीदारांना सांगायला हरकत नाही.

माझे मत यातूनच बनले आहे. ब्राउझर हे व्यासपीठ म्हणून कंजूष आहे आणि त्या कंजूषपणातच त्याचे मोल आहे. पूर्वी आम्ही सीडी घेऊन ग्राहकाकडे जात असू, ॲडमिनचा पासवर्ड मागत असू, अँटिव्हायरसने आरडाओरडा केला की तो बंद करत असू, आणि कार्यालयातला मुलगा विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘यस’ म्हणत असे. अनोळखी माणसाने लिहिलेला कोड, त्याच्यावर काहीही विश्वास न ठेवता, क्षणात चालवून पाहता येणे ही ब्राउझरची कमाई आहे, आणि ती त्याने पदोपदी ‘नाही’ म्हणून मिळवली आहे. म्हणून जे सॉफ्टवेअर हा नकार निमूटपणे स्वीकारून आपले काम करू शकते, ते कितीही गुंतागुंतीचे असले तरी ब्राउझरमध्ये खुशाल न्यावे. ज्याला पावलोपावली अपवाद मागावा लागतो, त्याने वेगळा प्रोग्राम व्हावे. गुंतागुंत ही येथे मोजपट्टी नाही.

आता ही पट्टी आपल्या सॉफ्टवेअरला लावून पाहू.

नेस्टिंगची आकडेमोड हा भाग मला सर्वांत कमी चिंतेचा वाटतो. आपले गणित सी प्लस प्लसमध्ये असेल तर ते वेबअसेंब्लीत नेता येईल. व्हिज्युअल बेसिकमध्ये असेल तर मात्र पुन्हा लिहावे लागेल, आणि मग सगळा हिशेबच बदलतो. वेग थेट विंडोजवर मिळतो तितका मिळत नाही, पण माझ्या अनुभवात हा फरक ग्राहकाच्या लक्षात येण्याइतका क्वचितच असतो. आपण आपल्याच सर्वांत मोठ्या फायलीवर मोजून पाहावे, दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबू नये. दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. गणित वेब वर्करमध्ये, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या मुख्य धाग्यापासून (ब्राउझरमधील कामाच्या मुख्य रांगेपासून) वेगळे चालवावे; पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो असे धरले तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात आपले गणित घुसले की माउस अडखळतो व ग्राहक म्हणतो, ‘हँग झाले.’ दुसरी गोष्ट मेमरीची. वेबअसेंब्लीच्या ३२-बिटी रूपात ४ जीबीच्या पलीकडे जाता येत नाही. पत्र्याच्या कामाला तेवढी पुष्कळ आहे, पण मधली उत्तरे साठवून ठेवण्याची सवय असलेल्या जुन्या कोडला ती पुरत नाही असे मी पाहिले आहे.

एकाच वेळी अनेक धाग्यांवर गणित चालवायचे असेल तर आणखी एक गाठ आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधील कमजोरी जाहीर झाली आणि ब्राउझरनी धाग्यांमध्ये मेमरी वाटून घेण्याची सोय रातोरात बंद केली. ती नंतर परत आली, पण ज्या पानाने स्वतःला इतर साइटपासून अलग ठेवण्याचे हेडर, म्हणजे पानाबरोबर जाणाऱ्या सूचना, पाठवले आहेत त्यालाच ती मिळते. अशा पानावर बाहेरून आणलेल्या चौकटी, म्हणजे पैसे भरण्याची खिडकी किंवा नकाशा, त्या पुरवणाऱ्यानेही तशी तयारी केली नसेल तर उघडत नाहीत. त्यामुळे नेस्टिंगचे पान वेगळे आणि पैसे भरण्याचे पान वेगळे ठेवावे; हे आधी ठरवले तर सोपे जाते, नंतर करणे त्रासाचे होते.

ड्रॉइंग दाखवण्यासाठी कॅनव्हास किंवा वेबजीएल, म्हणजे ब्राउझरमध्ये चित्र स्वतः रंगवण्याच्या सोयी, लागतील, आणि येथे मराठी माणसाने एक सावधगिरी घ्यावी. एकदा चित्र स्वतः रंगवू लागलो की सगळाच पडदा, तक्ते आणि फॉर्मसकट, स्वतः रंगवण्याचा मोह होतो. साध्या कॅनव्हासवर देवनागरी जोडाक्षरे ब्राउझर बरोबर जुळवून देतो, पण कर्सर, मजकूर निवडणे, शोधणे, दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारी साधने हे सगळे आपल्या गळ्यात येते. वेबजीएलमध्ये स्वतःचे इंजिन वापरले तर जोडाक्षरे जुळवणेही आपलेच काम. माझ्याकडे दाखवायला आणलेल्या एका नमुन्यात ‘फिटिंग’ या शब्दाची पहिली वेलांटी फ च्या पुढे जाऊन बसली होती आणि ‘पत्रा’ मधील त्र चा पाय मोडून तो ‘पत्‌रा’ झाला होता. करणाऱ्याला मराठी वाचता येत नसल्यामुळे त्याच्या नजरेस ते आलेच नाही. ड्रॉइंगची चौकट तेवढी कॅनव्हासमध्ये ठेवावी. कोटेशन, ग्राहकांची यादी, दरपत्रक हे साध्या एचटीएमएलमध्ये राहू द्यावे. त्या कामात ब्राउझर अजूनही ‘वाचण्याचे साधन’ आहे आणि आपल्यापेक्षा फार सरस आहे.

माहितीच्या साठवणीबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण माझी सर्वांत मोठी चूक येथेच झाली.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील एका अडत्यासाठी आम्ही पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, करण्याचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये केले होते. पहाटे माल येतो, तोलाई होते, लिलाव होतो, आणि हमाली, तोलाई वगैरे वजा करून शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यावी लागते. तेव्हा नेट नाही म्हणून थांबायला कोणालाच सवड नसते. म्हणून सगळ्या नोंदी ब्राउझरमधल्या इंडेक्स्ड डीबी या साठवणीत साठत आणि नेट आले की सर्व्हरवर जात. हे बरेच महिने उत्तम चालले. मग माझ्याच एका चुकीमुळे पाठवण्याचे काम अडकून बसले. एका नोंदीत वजनाचा आकडा रिकामा होता आणि तिच्यामागची सगळी रांग थांबली. पडद्यावर मात्र सारे ठीक दिसत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी, संगणक सावकाश चालतो म्हणून, दिवाणजींच्या भाच्याने ब्राउझरची ‘सगळी माहिती साफ करा’ ही सूचना मनापासून पाळली. तीन दिवसांच्या पट्ट्या गेल्या. दिवाणजी जुन्या वळणाचे असल्यामुळे त्यांनी वहीत समांतर नोंद ठेवली होती, म्हणून निभावले. आम्ही दोन रात्री बसून ती वही पुन्हा संगणकात चढवत होतो आणि दिवाणजी शेजारी बसून, एक शब्दही न बोलता, चहा पाजत होते.

त्या भाच्याचा काहीही दोष नव्हता. ब्राउझरमधली साठवण ही आपल्याला वापरायला दिलेली खोली आहे. तिची किल्ली वापरणाऱ्याकडे असते आणि घरमालक ब्राउझर असतो. जागा कमी पडली तर ब्राउझर स्वतःहून ती रिकामी करू शकतो. तसे करू नये अशी विनंती करता येते, पण माणसाने स्वतः साफ केले तर ती विनंती कामाची नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरने तर २०२० मध्ये नियम केला, की ब्राउझर वापरात असतानाही ज्या साइटकडे सात दिवस कोणी फिरकले नाही तिने जावास्क्रिप्टने साठवलेली माहिती पुसली जाईल. फोनच्या होम स्क्रीनवर बसवलेल्या वेब ॲपला तेवढी सूट आहे. सोय बदलण्याचा धोका वेगळाच. वेब एसक्यूएल नावाचा डेटाबेस एकेकाळी आमच्या आवडीचा होता. त्याचे प्रमाणीकरण २०१० मध्येच सोडून दिले गेले आणि २०२३ मध्ये क्रोमनेही तो काढून टाकला. ज्यांनी त्याच्यावर घर बांधले त्यांना सामान हलवावे लागले.

म्हणून आपल्यासाठी माझा सल्ला असा, की मूळ प्रत ब्राउझरमध्ये कधीही ठेवू नये. ती एक तर आपल्या सर्व्हरवर असावी किंवा ग्राहकाच्या डिस्कवरील खऱ्या फायलीत असावी. ऑक्टोबर २०२० पासून क्रोममध्ये, आणि त्याच इंजिनावरील एजमध्येही, वापरणाऱ्याच्या परवानगीने डिस्कवरील फाइल उघडून त्याच फायलीत परत जतन करता येते. फायरफॉक्स आणि सफारीत तसे होत नाही. तेथे फाइल ‘डाउनलोड’ होते आणि ‘शाफ्ट ब्रॅकेट’च्या पुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे लागत जातात. सर्व ब्राउझरमध्ये आता मिळणारी खासगी फाइल-व्यवस्था वेगवान आहे, पण तीही त्याच ‘साफ करा’च्या बटणाखाली येते. तिला टेबल समजावे, कपाट समजू नये.

यंत्रांच्या बाबतीत आपण नशीबवान आहात. लेझर कटिंगच्या मशीनला आपल्याकडून फक्त तयार फाइल हवी असते आणि ती आजही पेन ड्राइव्हनेच जाते. अडत्याकडे आम्हाला वजनकाटा जोडायचा होता. क्रोमने २०२१ मध्ये सिरियल पोर्ट वाचण्याची सोय दिल्यावर आम्ही ती वापरून पाहिली आणि ती चांगली चालली. पण ॲपलने २०२० मध्येच, वापरणाऱ्याची ओळख पटवायला या सोयींचा दुरुपयोग होईल असे सांगून, अशा सोळा सोयी सफारीत नाकारल्या होत्या, आणि अडत्याच्या मुलाला नेमका आयपॅड आवडत होता. शेवटी काट्याशेजारच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवला, तो वजन वाचतो आणि सर्व्हरमार्फत पानाला देतो. मी सुरुवातीला मांडलेल्या फाटकाचाच हा नमुना. आपल्याकडे मात्र एक यंत्र आहे ज्याचा आपण उल्लेख केला नाही, पण बहुधा असेलच: परवान्याचे डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालू होण्यासाठी संगणकाला लावावी लागणारी छोटी किल्ली. ब्राउझरमध्ये ते गेले म्हणून समजा. त्याच्या जागी लॉगिन येते, आणि लॉगिन आले की ‘एकदाच पैसे देऊन टाकतो, दरवर्षीचे झेंगट नको’ म्हणणाऱ्या मालकाला वार्षिक वर्गणीचे गणित समजावून सांगावे लागते. हे काम मला कोणत्याही प्रोग्रामिंगपेक्षा कठीण गेले आहे. जुन्या ग्राहकांचे वार्षिक देखभालीचे (एएमसीचे) पैसे वर्गणीत वळते करून दिले तर बोलणे जरा सोपे होते.

आता भागीदारांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, जो त्यांनी मांडलेला नाही, तो मी मांडतो. ब्राउझर हे दुसऱ्याच्या मालकीचे व्यासपीठ आहे आणि ते पायाखाली सतत सरकते. क्रोमने २०१४ मध्ये उत्तर येईपर्यंत पान अडवून धरणारी एक जुनी संवादखिडकी बंद केली, तेव्हा आमच्या एका ग्राहकाचे भांडाराचे सॉफ्टवेअर सकाळी उघडले आणि ‘मंजूर’चे बटण दाबल्यावर काहीच होईना, आम्ही कोडला हातही लावलेला नव्हता. २०२१ पासून क्रोमची नवी आवृत्ती चार आठवड्यांनी येऊ लागली. शिवाय जगभर खऱ्या अर्थाने ब्राउझरची तीनच इंजिने, म्हणजे पाने चालवणाऱ्या आतल्या यंत्रणा, उरली आहेत: गूगल चालवते ते ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. मायक्रोसॉफ्टनेही जानेवारी २०२० मध्ये एज हा क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच मुक्त स्रोत पायावर, नेला, आणि आपल्याकडच्या आयफोनवर कोणताही ब्राउझर घेतला तरी आत वेबकिटच असते. इतक्या थोड्या हातांत हे व्यासपीठ असणे मला आवडत नाही. तरीही समोरच्या पारड्यात हे ठेवावे लागते, की सर्नमधले पहिले पान आजच्या ब्राउझरमध्ये नीट उघडते. जे सर्व इंजिनांनी मान्य केले आहे आणि प्रमाणित झाले आहे, ते सहसा मोडत नाही. एकाच इंजिनाने उत्साहाने आणलेले मोडते. माझ्या कार्यालयात म्हणून एक साधा नियम आहे: जे किमान दोन इंजिनांत नाही ते वापरायचे असेल, तर ते नसतानाही काम पुढे जाईल अशी पर्यायी वाट आधी लिहायची.

इलेक्ट्रॉनबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअरबरोबर अख्खा क्रोमियम बांधून देण्याचा हा मार्ग आहे आणि प्रोग्रामरांचा व्हीएस कोड हा संपादक त्याच्यावरच चालतो, तेव्हा तो कमअस्सल म्हणता येणार नाही. पण त्यात बसवणे, अपडेट करणे आणि कोडवर विश्वास ठेवणे ही तिन्ही ओझी परत येतात आणि ४ जीबीच्या संगणकावर तो मेमरीही खातो. डिस्कवरच्या फायलींशी दिवसभर खेळ असेल तरच मी तो सुचवतो.

अनेकदा विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ग्राहकाचा संगणक. ‘ब्राउझर सगळीकडे असतो’ हे खरे, पण कोणता असतो? लहान कारखान्यांत मशीनशेजारी अजूनही विंडोज ७ दिसते, कारण जुन्या मशीनचे सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालते. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती, जानेवारी २०२३ मधली. तेथे वेबअसेंब्ली चालेल, पण सुरक्षेची दुरुस्ती येणार नाही, आणि त्यानंतर आलेली कोणतीही सोय मिळणार नाही. आपल्या ग्राहकांपैकी किती जण असे आहेत यावर माझे पुढचे सगळे उत्तर अवलंबून आहे. ते थोडे असतील, तर मी कोटेशन, ग्राहकांची यादी आणि ड्रॉइंग पाहणे हे आधी ब्राउझरमध्ये नेईन, नेस्टिंगचे गणित त्याच्यामागून वेबअसेंब्लीत नेईन, आणि विंडोजची आवृत्ती निदान दोन वर्षे तशीच चालू ठेवीन. ते निम्म्याहून जास्त असतील, तर सध्या फक्त कोटेशन हलवीन. ते मालक घरून, मोबाइलवरून पाहतो आणि ‘ब्राउझरमध्ये चालते का?’ या प्रश्नामागे बहुतेक वेळा तेवढीच अपेक्षा असते. हे ग्राहकाला सरळ विचारून घ्यावे. मी तसे विचारू लागल्यापासून माझी काही कामे निम्मी झाली आहेत, आणि बिलेही, पण तो भाग वेगळा.

राहिली ड्रॉइंग बाहेर जाण्याची भीती. ती वाजवी आहे. मोठ्या वाहन कंपन्यांना माल देणाऱ्यांनी गोपनीयतेच्या करारावर सह्या केलेल्या असतात. येथे दोन वाटा आहेत आणि त्यांची किंमत वेगवेगळी आहे. नेस्टिंग आपल्या सर्व्हरवर केले तर आपले गणित कोणाच्या हाती लागणार नाही, पण ग्राहकाचे ड्रॉइंग आपल्याकडे येईल. नेस्टिंग ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये केले तर ड्रॉइंग त्याच्याकडेच राहील, पण आपले गणित, कंपाइल केलेले का होईना, त्याच्या संगणकावर जाईल, आणि चिकाटीच्या माणसाला ते उलगडता येते. मी आपल्या जागी असतो तर दुसरी वाट घेतली असती, कारण भोसरीतला मालक आपले कोड उलगडत बसणार नाही, पण ड्रॉइंग बाहेर गेल्याच्या नुसत्या संशयावरून तो आपल्याला दारात उभे करणार नाही. हे पान माहिती कोणत्या सर्व्हरकडे पाठवू शकते याची मर्यादा ब्राउझरलाच सांगून ठेवता येते, तीही सांगावी. मात्र हेडर आणि धोरणे यांची भाषा मालकापुढे चालत नाही. पान आणि वेबअसेंब्लीची फाइल सर्व्हिस वर्करने, म्हणजे पानामागे चालणाऱ्या छोट्या कोडने, संगणकावर आधीच साठवून ठेवली असेल, तर नेट नसतानाही सगळे चालते. एका कारखान्यात मी एवढेच केले: पान उघडले, भिंतीतून आलेली नेटची वायर मालकांनाच काढायला सांगितली आणि त्यांचेच ड्रॉइंग टाकून नेस्टिंग चालवून दाखवले. त्यांनी वायर हातात धरून पडद्याकडे पाहिले, मग मोबाइलचे हॉटस्पॉट बंद आहे ना हे तपासले, आणि दुसरे ड्रॉइंग टाकायला सांगितले.